डाव्या हाताची पटाशी

शिरोली एमआयडीसी,
२४ मे

चि. अनेकांत यास,

जय जिनेंद्र.

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी तुरुंगातले एक साहेब वाचणार, याची मला कल्पना आहे. साहेब, नमस्कार. मी बाहुबली भाऊसो मगदूम. फौंड्रीला साचे काढायला जे लाकडी पॅटर्न लागतात ते करतो. शाळा आठवीपर्यंत, पुढचं सगळं स्वतः शिकलो. अक्षर सुवाच्य आहे, तुम्हाला त्रास व्हायचा नाही. एखादी ओळ पटली तर ठेवून घ्या, मुलाला माझ्याकडून पुन्हा मिळेल.

आता तू. आईजवळ तू निरोप दिलास. प्रभावतीनं तो मला एक शब्द न गाळता सांगितला : "ज्या बापानं पोलिसात दिलं त्याचं तोंड बघणार न्हाय." ठीक आहे. तोंड बघू नकोस, अक्षर बघ.

दिलं, हे खरं आहे. कसं दिलं ते मात्र तुला मोर्चा काढणाऱ्या विजयसिंहच्या माणसांनी सांगितलंय, म्हणजे चुकीचं सांगितलंय. मी ठाण्यात आपणहून गेलो नव्हतो. राजारामपुरीत कुणाच्या तरी मोबाईलच्या स्टेटसवरून मोर्चा निघाला, मोर्चाची दगडफेक झाली आणि एक दगड बादशहा शिकलगारच्या दुकानात शिरून त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. त्याच्या दुकानात ज्यांचं येणं-जाणं, त्या सगळ्यांना पोलिसांनी बोलावून व्हिडिओ दाखवला. माझ्या पटाश्या आणि रंध्याची पाती वीस-बावीस वर्षं तोच धार लावतोय, म्हणून मलाही बोलावलं. व्हिडिओत सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. ठाण्यातले साहेब म्हणाले, "यातलं कोण ओळखीचं वाटतंय का बघा."

मी बघितलं. एक जण डाव्या हातानं फेकत होता. फेकायच्या आधी कोपर कानाजवळ नेऊन क्षणभर थांबत होता. भूपालमामाच्या बांधावरच्या चिंचा पाडताना तू असाच थांबायचास, आणि मामा म्हणायचा, "फेकतोयस का फोटो काढून घेतोयस?" मी साहेबांना म्हटलं, "हा माझा मुलगा. अनेकांत बाहुबली मगदूम." साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मी घेतला नाही, मला तहान नव्हती.

आजही कुणी तो व्हिडिओ दाखवला तर मी तेच सांगेन. आईला रडायला येतं, मला येत नाही. त्यावरून काय समजायचं ते समज.

विजयसिंह स्वतः घरी येऊन गेला. सोबत पाच-सहा जण. बूट दारात न काढता आत आले.

"अण्णा, पोरगं धर्मासाठी आत गेलंय. वकील आमचा. तुम्ही कायबी काळजी करायची न्हाय."

मी म्हटलं, "कुठल्या धर्मासाठी? आमचे मुनी मोरपिसांच्या पिंछीनं जागा झाडून मग बसतात, मुंगी मरू नये म्हणून. त्या धर्माला वाचवायला माणसाचा डोळा फोडावा लागला व्हय?"

तो हसला. "ह्याच्यामुळंच तर आपण मार खातोय अण्णा. मुंग्या वाचवत बसलोय."

"बूट काढून बसला असतास तर चहा सांगितला असता," असं म्हणून मी उठलो. त्याचं ते मुंग्यांचं म्हणणं मी आधी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं. जिममधून येऊन तू मला म्हणाला होतास, अहिंसेनं आपली माणसं भित्री झाली. त्या दिवशी मी तुला उत्तर दिलं नाही, कारण तू जेवत होतास.

एक गोष्ट मात्र मला उमगलेली नाही. तुझं नाव उघड झालं त्या आठवड्यात मी खिडक्यांना आतून प्लायवूड लावून ठेवलं होतं. उत्तर येणार, असं गल्लीत सगळेच म्हणत होते. एकही दगड आला नाही. का आला नाही, ते मला माहीत नाही.

तुझा बाप,
बाहुबली भाऊसो मगदूम


शिरोली एमआयडीसी,
१५ जून

चि. अनेकांत,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं.

प्रभावती सांगते, तू वाळलास. डाळ पातळ असते म्हणे. सूर्यास्तानंतर जेवण येतं ते तू खात नाहीस, हेही सांगितलं. चांगलं आहे. दगड फेकताना जो नेम मोडला त्याच्यापेक्षा हा लहान, पण धरायला काहीतरी लागतंच.

साहेबांना एक सुचवायचं आहे. भेटीला येणाऱ्यांच्या गाड्या लावतात तिथल्या फाटकाची वरची बिजागरी सुटत आली आहे. फाटक खाली घासतं. एक वॉशर टाकलं तर काम होईल. हे मला प्रभावतीनं सांगितलं.

मी बादशहाच्या दुकानात गेलो होतो. तो घरी आल्यावर दवाखान्यातल्यासारखं बिस्किटाचा पुडा घेऊन जायचं मला जमलं नाही. म्हणून तो दुकान उघडेपर्यंत थांबलो आणि नेहमीसारख्या पटाश्या घेऊन गेलो. डोळ्यावर पांढरी पट्टी, वर चष्मा. चाकासमोर बसला होता. मला बघून म्हणाला, "या अण्णा. किती हायत?"

"सहा."

"ठेवा."

तुझा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. तो धार लावत होता आणि मी बघत होतो. तुला माहीत आहे तो धार कशी बघायचा. पातं उजेडाला धरून उजव्या डोळ्याजवळ न्यायचा, डावा मिटायचा. त्या दिवशीही त्यानं पातं उचललं, पट्टीजवळ नेलं, तसंच धरून राहिला. मग दुसऱ्या बाजूला नेलं.

मी पटाशी घेतली. सागवानाचा तुकडा मी नेहमी खिशात नेतो, तो आडवा कापून बघितला. काप खरबरीत आला. धार एका बाजूला उतरली होती. एरवी मी काय केलं असतं? "बादशहा, ही परत घे," म्हटलं असतं. हे मी शंभरदा म्हटलेलं आहे आणि त्यानं मला शंभरदा शिव्या दिलेल्या आहेत. त्या दिवशी मी म्हटलं, "छान झालीय."

त्यानं चाक बंद केलं.

"अण्णा, खोटं बोलायला लागलाय व्हय?"

"नाही रे, चांगलीय."

"आणा हिकडं." त्यानं माझ्या हातातून पटाशीही घेतली आणि तुकडाही. कापावरून अंगठा फिरवला. "ह्याला छान म्हणता? बावीस वरसं माझं डोकं खाल्लंसा. हितं घासलंय, तितं उतरलंय. आन् आता छान? माझा डोळा गेलाय, अक्कल गेलेली न्हाय. गिऱ्हाईक म्हणून आला असाल तर बसा. दया करायला आला असाल तर सहाच्या सहा घेऊन उठा."

मी बसलो. "डाव्या कडेला उतरलीय," म्हटलं.

"हां. आता बोललासा." त्यानं ती परत चाकाला लावली. तिसऱ्यांदा बरी आली. छान नाही, बरी. तेच मी सांगितलं.

निघताना त्यानं मागच्या फळीकडं मान केली. तिथं खिळ्याला तुझी पटाशी आहे अजून. तू दुसरीत असताना माझ्या कारखान्यात येऊन माझ्या तिरक्या पटाशीनं कोरायला बसायचास आणि ती तुझ्या हाताला उलटी पडायची. मी म्हणत होतो, पोराला उजव्या हातानं शिकू दे. बादशहा म्हणाला होता, "हात बदलायचा न्हाय, हत्यार बदलायचं." आणि त्यानं एक जुनी पटाशी घेऊन उलट्या बाजूनं उतार दिला. धार लावायला म्हणून तू ती गेल्या दिवाळीत टाकून आलास, ती न्यायला गेलाच नाहीस.

त्यानं फक्त तिकडं बघितलं. बोलला काहीच नाही. म्हणून मीही एवढंच लिहितो.

बाहुबली भाऊसो मगदूम


राजारामपुरी,
१३ जुलै

चि. अनेकांत,

आज घरातून लिहितो आहे, कारखाना बंद आहे.

माझी एक फजिती सांगायची आहे. तुला आनंद होईल, हो.

आपल्या भागात सलोखा मेळावा झाला. कल्पना माझी. शांतता समितीत नाव घातल्यावर नुसतं सह्या करत बसणं मला पटेना. म्हटलं, प्रत्येक धर्माचा एक माणूस व्यासपीठावर आणू, दोन शब्द बोलू दे, आणि सगळ्यांच्या समोर बादशहाचा सत्कार करू. मौलाना आले, विहारातले भन्ते आले, देवळातले पुजारी आले. बसदीचे पंडित परगावी होते, म्हणून जैनांच्या वतीनं मी बोललो. चांगला बोललो. प्राकृत वचनं पाठ आहेत, अर्थ स्वतः लावलेला आहे, कुणाचं उसनं नाही. टाळ्या पडल्या. तुझ्या आईनंसुद्धा वाजवल्या, आणि ती मला ओळखते.

मग बादशहाला शाल घातली, नारळ दिला. सूत्रसंचालन करणारा उत्साही. माईक त्याच्या तोंडाजवळ नेऊन म्हणाला, "बादशहाभाई, आता मोठ्या मनानं एवढंच म्हणा, माफ केलं." फोटोवाले पुढं आले.

बादशहा म्हणाला, "कुणाला?"

त्यानं माईक स्वतःच्या हातात घेतला.

"समोर मारणारा कोणच न्हाय. ह्या शालवाल्यानं मारला न्हाय, त्या नारळवाल्यानं मारला न्हाय. माफी काय कबुतर हाय व्हय, वर सोडली की फोटो?" शाल काढून त्यानं व्यवस्थित घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरला.

लोक माझ्याकडं बघायला लागले. मी त्याच्या मागं गेलो. पायऱ्यांवर चप्पल शोधत होता, एका डोळ्यानं जोड सापडत नव्हता. मी काढून दिला, तर ओरडला, "ठेवा ती! माझी मी बघतो." मग बसला पायरीवर. मीही बसलो.

"अण्णा, रागावू नगासा. तुम्ही चांगल्या मनानं केलं. पण आमच्यात असं हाय, अल्लाचं जे चुकलं ते अल्ला माफ करंल. माणसाचं चुकलं ते त्या माणसानं माफ करायचं. त्यात अल्लाबी मधी पडत न्हाय. आन् तुम्ही कोण? शांतता समिती!"

मी हसलो. तोही हसला, पण थोडाच.

"ज्यानं मारला त्यानं यायचं. माझ्या म्होरं हुबं ऱ्हायचं. मग मी बघीन माफ करायचं का न्हाय. ते माझ्या हातात हाय. एवढं एक तरी माझ्या हातात ऱ्हाऊ दे की."

घरी येऊन मी विचार केला. आपण क्षमावाणीच्या दिवशी चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागतो. दिसलेल्या, न दिसलेल्या, पाण्यातल्या, झाडावरच्या. आता तर मोबाईलवर एक छापील निरोप आणि तो पाचशे जणांना. मीही पाठवतो. इतक्या वर्षांत त्यातल्या एकाच्याही दारात मी त्या कारणासाठी उभा राहिलेलो नाही. वचन चूक नाही. आम्ही ते वाऱ्यावर सोडतो, ही चूक. ही गोष्ट मला ज्या माणसानं शिकवली त्यानं आपल्या ग्रंथाचं एक पान वाचलेलं नाही. मला शिकायला कमीपणा वाटत नाही, कुणाकडूनही शिकतो. असाच शिकलो.

तू काय करावंस ते मी लिहीत नाही. पत्र साहेब वाचतात.

बाहुबली भाऊसो मगदूम


शिरोली एमआयडीसी,
९ ऑगस्ट

चि. अनेकांत,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. "आप्पा, पार्किंगमध्ये पावसात बसत जाऊ नका. बादशाचाचा कसे हायत? वकील बदलायचा हाय."

पहिल्या वाक्याबद्दल : प्रभावतीनं फितुरी केली. मी तिला गाडीवर सोडायला येतो, कारण बसला वेळ लागतो. सोडल्यावर घरी जाऊन परत यायचं म्हणजे पेट्रोल वाया. म्हणून थांबतो. यात दुसरं काही नाही. आणि बिजागरीला वॉशर बसलेलं मी बघितलं. साहेब, आभारी आहे.

दुसऱ्याबद्दल : डावा डोळा शाबूत आहे. धार सुधारते आहे.

तिसऱ्याबद्दल : झालं. ॲडव्होकेट संघप्रिया कांबळे. तिचे वडील आपल्या शेजारच्या फौंड्रीत मोल्डर होते, तू त्यांना ओळखतोस, प्रसेनजीतकाका. मुलगी हुशार आहे आणि बोलायला तिखट. परवा ती तुला भेटून गेली. बाहेर आली ती थेट माझ्याकडं, छत्री मिटायच्या आधी सुरू झाली.

"काका, तुमच्या मुलाला काय सांगितलंय तुम्ही?"

"मी काहीच सांगितलं नाही."

"तो म्हणतो, चाचांना भेटून सांगायचंय. काय सांगायचंय ते मला कळलं, ते मी मोठ्यानं म्हणणार नाही. आरोपपत्र दाखल झालंय, जामिनाचा अर्ज करतेय. व्हिडिओत तोंड झाकलंय. तुम्ही ओळखलंत, पण बापाची ओळख कोर्टात किती टिकते ते मी बघून घेईन. आणि हा स्वतःच्या तोंडानं बोलला तर मी काय करू? आमचे भन्ते सांगतात, कबूल केलेली चूक निम्मी होते. विहारात होत असेल. कोर्टात ती दुप्पट होते."

मी विचारलं, "जामीन झाल्यावर भेटला तर?"

"जामिनाची अटच असते, साक्षीदाराला भेटायचं नाही. बादशहाभाई साक्षीदार नंबर एक. शहराच्या हद्दीतसुद्धा येऊ देणार नाहीत बहुतेक. खटला संपेपर्यंत." मग जरा थांबून म्हणाली, "किती वर्षं ते विचारू नका."

तर स्थिती अशी आहे. आत आहेस तोवर तो तुला भेटायला येणार नाही. बाहेर आलास की तुला त्याला भेटता येणार नाही. आणि बोललास तर शिक्षा जवळ येते.

दुसरी बाजूही कळवतो, नाहीतर म्हणशील बापानं लपवलं. तू वकील बदललास तरी विजयसिंहनं तुला सोडलेलं नाही. राजारामपुरीत चौकात फलक लावायची तयारी आहे, मजकूर प्रिंटरकडं मी वाचला : "वाघ परत येतोय." तुझा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. जामीन झाला की कळंबा तुरुंगाच्या दारात उघडी जीप, हार, फटाके. ते लोक तुला गप्प बसायला सांगतात, आणि संघप्रियाही गप्पच बसायला सांगते. दोघांची कारणं वेगळी आहेत, हे तुला कळतं. संघप्रिया तुझी सुटका बघते. विजयसिंह पुढचा मोर्चा बघतो.

निर्णय तुझा. मी वकिलाच्या विरुद्ध बोलणार नाही, आणि तिच्या बाजूनंही बोलणार नाही. पार्किंगमध्ये पत्र्याखाली बसतो, भिजत नाही.

बाहुबली भाऊसो मगदूम


शिरोली एमआयडीसी,
३ सप्टेंबर

चि. अनेकांत,

दशलक्षण पर्व चालू आहे. मी एकवेळ जेवतो. तू आतमध्ये उपास करतोस असं कळलं. पाणी उकळून मिळावं म्हणून अर्ज केलास आणि तो मंजूर झाला, हेही. साहेब, तुमच्या हातून पुण्य घडतंय, जपून ठेवा.

तुला आठवत असेल, पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आपल्या घरावर दगड का आला नाही ते मला माहीत नाही. आता कळलं.

बादशहाचा भाचा दिलावर. फौंड्रीत ग्राइंडिंगला आहे, तुझ्याच वयाचा. काल पटाश्या पोचवायला तो आला. टेबलावर आपटल्या, म्हटलं तर ठेवल्या. मी म्हटलं, "धारेला धार लागली तर पुन्हा लावायला लागतील." तो म्हणाला, "लावतोय की आमचा मामू. डोळा फोडला तरी लावतोय तुमच्या."

"बस," म्हटलं.

"बसायला आलो न्हाय. एक सांगायला आलोय. तुमच्या पोराचं नाव फुटलं त्या दिवशी आम्ही चाळीस जण तयार हुतो. तुमची गल्ली ठरली हुती. बाटल्या भरल्या हुत्या. मामू आडवा आला, न्हायतर तुम्ही आज हितं नसता."

"कसा आडवा आला?"

तो सांगायला तयार नव्हता, पण सांगितल्याशिवाय जायलाही तयार नव्हता. उभ्याउभ्याच सांगितलं. शुक्रवार होता. बादशहा दवाखान्यातून डॉक्टरांशी भांडून मशिदीत आला, डोक्याला गुंडाळलेलं, एकाचा हात धरून. नमाज झाल्यावर उभा राहिला. मौलानांनी बसा म्हटलं, बसला नाही. म्हणाला, "डोळा माझा हाय. त्याचा हिशेब माझ्याकडं हाय, आन् तो मी अजून मागितलेला न्हाय. माझ्या नावानं कुणी दगड उचलला तर तो मला मारला असं मी धरीन. कयामतच्या दिवशी पयलं त्याचंच नाव घीन." मग त्यानं दिलावरला नाव घेऊन हाक मारली, सगळ्यांसमोर, आणि स्वतःला घरापर्यंत सोडायला लावलं. घरी गेल्यावर दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली.

"आम्हाला वाटलं मामू भ्याला," दिलावर म्हणाला.

"आता काय वाटतं?"

तो दाराकडं वळला. जाताना पटाश्या सरळ करून ठेवल्या.

अनेकांत, त्या जेवणाच्या वेळी तू मला जे म्हणालास, अहिंसेनं माणसं भित्री होतात, त्याचं उत्तर मला तेव्हा द्यायचं होतं. आता देतो. चाळीस जण बाटल्या घेऊन बाहेर उभे असताना, ज्याच्या घरच्या माणसांना पेटवायचं नाही असं सांगायचं, त्याच्याच पोरानं आपला डोळा फोडलेला असताना, पट्टी गुंडाळून एकट्यानं उभं राहायचं. हे तुझ्या जिममधल्या कुणाला जमेल, त्याचं नाव मला कळव. त्यानं अहिंसा हा शब्दही वापरला नाही. कयामत म्हणाला. मला चालतं. पॅटर्न कुठल्या लाकडाचा यावर ओतकाम ठरत नाही, माप बरोबर लागतं.

सोमवारी क्षमावाणी. मंगळवारी तुला कसबा बावड्याला कोर्टात आणणार आहेत. बादशहालाही बोलावलं आहे, त्याचं म्हणणं ऐकायला. मी असेन. बाकीच्या वर्षांसारखा मोबाईलवर निरोप या वर्षी मी कुणालाही पाठवणार नाही.

बाहुबली भाऊसो मगदूम


शिरोली एमआयडीसी,
२० सप्टेंबर

चि. अनेकांत,

बोरगावच्या पत्त्यावर पहिलं पत्र. हे मध्ये कुणी वाचणार नाही. साहेबांची मला सवय लागली होती.

मामाकडं शेतात हात लाव. आणि पोलीस ठाण्यात हजेरीला जायचं चुकवू नकोस, संघप्रियानं तीनदा बजावलंय. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. "तुमच्या घरात कुणालाच गप्प बसता येत नाही का?" म्हणाली. मी म्हटलं, त्याच्या आईला येतं.

जामीन झाला त्या दिवशी कळंब्याच्या दारात जीप नव्हती, हार नव्हते, हे तू बघितलंस. कोर्टातली बातमी आदल्या दिवशीच पोचली होती. चौकातला फलक रात्रीत उतरवला. ग्रुपवर तुला काय म्हणतात ते मी वाचलं, लिहीत नाही. तू दारातून आलास, आईच्या पाया पडलास, मग पार्किंगकडं चालत आलास. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालास, "आप्पा, हेल्मेट कुठाय?" मी म्हटलं, "डिकीत." तू काढून माझ्या डोक्यावर घातलंस आणि मामाच्या गाडीत जाऊन बसलास. हेल्मेटचा पट्टा घट्ट लावला होतास. घरी येईपर्यंत तसाच ठेवला.

आता कोर्टाच्या व्हरांड्यातलं. तू जे बोललास ते मी परत लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. हवालदार ओढत असताना तू बादशहासमोर थांबलास, बेडीतले दोन्ही हात जोडलेस, आणि विजयसिंहची पोरं मोबाईल धरून उभी असताना म्हणालास. संघप्रियानं कपाळावर फाईल मारून घेतली. बादशहानं एकच विचारलं, "कुठल्या हातानं?" तू डावा वर केलास, बेडीमुळं उजवाही त्याच्यासोबत वर गेला. आणि तुला आत नेलं.

तू पाठमोरा झाल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

बादशहा बाकावर बसला. दिलावर शेजारी उभा. मी जवळ गेलो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला ठाऊक हुतं."

"मी पोलिसांना सांगितलं ते ना?"

"तुमच्या आदीपासनं. दगड सुटायच्या आदी मी त्याला बघितला. रुमाल हुता. पण कोपर कानाजवळ आन् थांबला. त्या हाताची पटाशी मी केलीय अण्णा, मला हात कळत न्हाय व्हय? उजव्या डोळ्यानं श्येवटचं तेवढंच बघितलंय."

दिलावर म्हणाला, "मामू, तू तर म्हणलास दिसलं न्हाय. पोलिसाला बी, आम्हाला बी."

"तुला सांगितलं असतं तर त्याच रात्री तू गेला असतास. पोलिसाला सांगितलं असतं तर त्यानं माझ्याम्होरं येऊन कशाला सांगितलं असतं?" मग माझ्याकडं वळला. "तुम्ही मधीच घाई केलीसा. मी वाट बघत हुतो."

मी म्हटलं, "मला विचारलं, मी खरं सांगितलं."

"व्हय. तुम्हाला दुसरं काय येतंय?"

मी माझ्या बाजूनं ठाम आहे. विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. पण तो चार महिने एका डोळ्यानं वाट बघत बसला आणि एकदाही तुझं नाव उच्चारलं नाही, हेही मला मान्य करावं लागतं. मी खरं बोलून जे केलं, ते त्यानं गप्प बसून केलं. दोन्ही मापं बरोबर आहेत. तुझं नाव आम्ही अनेकांत ठेवलं, त्याचा अर्थ मी भाषणात बऱ्याचदा सांगितलेला आहे. व्हरांड्यात तो पहिल्यांदा कळला.

मी त्याला सरळ विचारलं, "माफ केलंस का?"

तो उठला. "दुकानात या परवा."

गेलो. त्यानं खिळ्यावरून तुझी पटाशी काढली. पात्यावर गंज चढला होता. माझ्यासमोर चाकाला लावली, मग दगडावर. उलट्या उताराची, म्हणून घासून घेताना त्याला मान वाकडी करावी लागत होती. वेळ लागला. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना म्हणाला, "उद्या." झाल्यावर उजेडाला धरली, डाव्या डोळ्याजवळ नेली. फडक्यात गुंडाळून मला दिली.

मी खिशातला तुकडा काढला तर त्यानं माझा हात धरला. "तुम्ही न्हाय. तुमच्या हाताला ती बसतच न्हाय. ज्याची हाय त्याला बघू दे. वाईट असंल तर वाईट म्हणून सांगू दे. तुमच्यासारखं छान म्हणला तर परत पाठवीन."

"आणि माफीचं?"

"आदी धारंचं सांगू दे," म्हणाला, आणि दुसऱ्याचा विळा घेतला.

संघप्रियाला विचारलं. ती म्हणाली, पटाशी पाठवणं म्हणजे साक्षीदाराशी संपर्क नव्हे, पण तिनं हे ऐकलेलं नाही.

पटाशी आज एसटीच्या पार्सलनं पाठवतो आहे. मी ती तपासलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. सोबत सागवानाचा तुकडा आहे. घट्ट धर, आडवा काप, एकदाच. कापावरून अंगठा फिरव. जे असेल ते कागदावर लिही आणि मला पाठव. शनिवारी मी त्याला ते वाचून दाखवणार आहे, दिलावर तिथं असेल.

खरबरीत आलं, तर खरबरीत लिही.

तुझा बाप,
बाहुबली भाऊसो मगदूम